दाणे एका अंगणात, माकडं साऱ्या गावात! पाखरांना खाऊ घालावं, पण कसं?

सालेकसा : उन्हाळा लागला की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. झाडाला टांगलेलं मातीचं भांडं, त्यात पाणी, काठावर चिमणी. खाली ओळ असते, 'पाखरांसाठी घोटभर पाणी ठेवा.' आवाहन चांगलंच आहे. पण त्याच ग्रुपवर चार दिवसांनी दुसरा व्हिडिओ येतो. माकडांची टोळी घरावर नाचते आहे, कवेलू फुटताहेत, वाडीतल्या वालाच्या शेंगा ओरबाडल्या जाताहेत. खाली प्रश्न असतो, 'वन विभाग झोपला आहे काय?'

या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. रानातल्या जिवाला अंगणात खाऊ घालणं हे पुण्याचं काम मानलं जातं. मात्र काय घातलं, कुठे घातलं आणि कोणाला घातलं, यावर त्या पुण्याचा हिशोब ठरतो. आणि नुकसान बहुतेक वेळा खाऊ घालणाऱ्याचं होत नाही, शेजाऱ्याचं होतं.

मुंबईचं भांडण गावातही येऊ शकतं

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरखान्यांवरून मोठा वाद पेटला. शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले. मुंबई उच्च न्यायालयानेही कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितलं. ऑगस्टमध्ये दादरच्या जुन्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकण्यात आली, तर आंदोलकांनी ती फाडून काढली. एका बाजूचं म्हणणं होतं, ही आमची श्रद्धा आहे, मुकं पाखरू उपाशी मरेल. दुसरी बाजू म्हणत होती, विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने आमच्या घरातल्या माणसांची फुप्फुसं खराब होताहेत. पुढे महापालिकेने काही ठरावीक जागी, सकाळच्या ठरावीक वेळेतच दाणे टाकायला मुभा दिली.

दादर कुठे आणि सालेकसा कुठे! पण भांडणाचं मूळ सारखंच आहे. दाणे टाकणारा एक, सोसणारा दुसरा. मुंबईत ते कबुतरांवरून झालं, इथे ते माकडांवरून होतं.

सालेकसा तालुका जंगलाला लागून आहे. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. दरेकसा, हाजरा फॉल, कचारगडच्या बाजूला तर घराची वाडी कुठे संपते आणि जंगल कुठे सुरू होतं, हे सांगणं कठीण. अशा ठिकाणी अंगणात टाकलेला घास फक्त चिमणीच खाईल, असं धरून चालता येत नाही.

बिस्किटाच्या पुड्याने माकड बदलतं

माकडांचे इथे दोन प्रकार दिसतात. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर आणि लाल तोंडाचं माकड. वानर मुळात पाला खाणारं जनावर. त्याच्या पोटात पाला आंबवून पचवण्यासाठी वेगळे कप्पे असतात. बिस्कीट, फरसाण, गोड पाव हे त्याच्या पोटाचं अन्न नाहीच. लाल तोंडाचं माकड काहीही खातं, गालाच्या पिशव्यांत भरून घेऊन पळतं आणि फार लवकर शिकतं. पिशवीचा आवाज आला म्हणजे खायला आहे, हे त्याला दोन-चार दिवसांत कळतं. मग पिशवी पोराच्या हातात असो की दुकानातून येणाऱ्या म्हातारीच्या, ते झडप घालतं.

जंगलात पोट भरायला माकडाला दिवसभर भटकावं लागतं. रस्त्याच्या कडेला आणि अंगणात आयतं मिळू लागलं की भटकंती कमी होते, टोळी गावाजवळच राहते आणि पिल्लं जास्त जगतात. हाजरा फॉलला जाताना गाडी थांबवून माकडापुढे पुडा फोडणाऱ्या पाहुण्याला याचं काही सोयरसुतक नसतं. तो फोटो काढून गोंदियाला निघून जातो. टोळी मात्र इथेच राहते.

नुकसान कोणाचं होतं तेही पाहिलं पाहिजे. स्लॅबच्या घराला माकडांचा फारसा त्रास नाही. कवेलूच्या घराला आहे. पावसाच्या तोंडावर फुटलेली कवेलू बदलणं म्हणजे मजुरी आणि खर्च दोन्ही. उमेद अभियानात बचत गटाच्या बायांनी पोषण परसबागा लावल्या. मेथी, पालक, वांगी, दोडका घरच्या घरी मिळावा हा त्यामागचा हेतू. अशी बाग एका सकाळी साफ झाली की ती बाई पुढच्या वर्षी बी टाकायला धजत नाही. एका घरचं पुण्य दुसऱ्या घरच्या भाजीवर असं महाग पडतं.

कायद्याचीही एक गोष्ट माहीत असायला हवी. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तीत लाल तोंडाचं माकड संरक्षित प्राण्यांच्या यादीतून वगळलं गेलं. म्हणून त्याला विष घालायला किंवा छळायला मोकळीक मिळाली असं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहेच. पण प्रत्येक वेळी वन विभागाकडे बोट दाखवून ग्रामपंचायतीला हात झटकता येणार नाहीत, हा त्याचा अर्थ नक्की निघतो. पकडून दूर सोडलेली टोळी दुसऱ्या गावाच्या डोक्यावर बसते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आयतं खाणं बंद करणं हाच स्वस्तातला उपाय.

दाण्यामागे उंदीर, उंदरामागे साप

माकडांचा त्रास निदान दिसतो. काही संकटं रात्री येतात. संध्याकाळी अंगणात ओंजळभर तांदूळ टाकून ठेवले तर पाखरं ते सकाळी खातील, पण त्याआधी उंदीर येतील. उंदरांच्या मागे नाग आणि घोणस येतात. मण्यार तर रात्रीच फिरते आणि घरातही शिरते. धानाच्या पट्ट्यात सर्पदंश काय असतो हे सांगायची गरज नाही. म्हणून दाणे टाकायचे तर सकाळीच, अर्ध्या-पाऊण तासात संपतील एवढेच, आणि उरलेले झाडून घ्यायचे.

उष्टं-खरकटं, कोंबडीची आतडी, मासळीचा घाण भाग 'खाईल कुत्रं-मांजर' म्हणून वाडीमागे फेकण्याची सवयही अशीच. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. बिबट्याला कोणी मुद्दाम बोलावत नाही, पण वास त्याच्यापर्यंत पोहोचतो. असा कचरा खड्ड्यात पुरलेला बरा.

माया केली आणि पिंजरा मिळाला

२०२३ मधला उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्याचा सारसाचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. एका तरुणाला शेतात जखमी सारस सापडला. त्याने उपचार केले, खाऊ घातलं. पक्षी बरा झाला, पण रानात गेला नाही. त्या तरुणाच्या मोटरसायकलमागे उडत जायचा, त्याच्याच ताटात चोच घालायचा. देशभर कौतुक झालं. मार्चमध्ये वन विभागाने तो पक्षी ताब्यात घेतला, तरुणावर वन्यजीव कायद्याखाली कारवाई सुरू झाली आणि सारस शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. त्या तरुणाची माया खोटी नव्हती. तरीही शेवटी पक्ष्याचं आकाश गेलं.

गोंदिया जिल्ह्याला हे चटकन समजायला हवं, कारण महाराष्ट्रात सारस म्हटलं की आपलाच जिल्हा आठवतो. इथे जे सारस टिकले ते कोणी हातावर दाणे ठेवले म्हणून टिकले नाहीत. बांधीत घरटं दिसलं तर शेतकऱ्याने तेवढा तुकडा राखला, स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी अंड्यांवर नजर ठेवली, दरवर्षी मोजणी झाली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सारसांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. जागा राखली म्हणून पक्षी राहिला.

हेच हरणाच्या पाडसाला लागू आहे. मोहफुलं वेचायला गेलेल्यांना झुडपात एकटं पाडस दिसतं. 'आई सोडून गेली' म्हणून ते घरी आणतात आणि बाटलीने दूध पाजतात. खरं तर आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. सशाचंही तसंच. पिल्लू जिथे आहे तिथेच राहू द्यावं आणि जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हाच आहे, मग तो घरच्यासारखा बोलत असला तरी.

मग पाखरांसाठी करायचं काय?

काही करूच नये असं मुळीच नाही. पाखरांसाठी बरंच करता येतं आणि त्याला पैसाही लागत नाही.

पहिलं पाणी. पसरट, उथळ मातीचं भांडं, मध्ये एक दगड, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. भांडं मांजर झेप घेणार नाही अशा जागी हवं. पाणी रोज बदलावं आणि भांडं घासावं. आठवडाभर तेच पाणी राहिलं तर त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या होतात. अंगणात कोंबड्या असतील तर त्यांचं भांडं वेगळं ठेवावं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. ते काही अंगणातल्या भांड्यामुळे झालं नाही, पण पाखरांचा रोग कुठवर जाऊ शकतो हे त्यातून कळतं. ब्रिटनमध्ये घरोघरी दाण्यांची भांडी टांगतात. तिथे २००५ नंतर अस्वच्छ भांड्यांवरून पसरलेल्या घशाच्या रोगाने ग्रीनफिंच नावाचे हिरवट पक्षी फार मोठ्या प्रमाणात मेले.

दुसरं, खाणं. चिमणी, होला, साळुंकी यांना कणी, ज्वारी, बाजरी, धान चालतं. मीठ-तेलाचं फरसाण, शिळा पाव आणि दूध नको. पाखरांना दूध पचत नाही. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं तर चुकूनही अंगणात झाडू नये, ते पाखराला सरळ मारतं. सीमेपलीकडे छत्तीसगडात नव्या धानाच्या लोंब्या गुंफून त्यांची झालर दारावर टांगतात. ही रीत फार शहाणपणाची आहे. दाणा जमिनीवर सांडून राहत नाही, चिमणी लटकून टिपते, आणि लोंब्या संपल्या की खाणंही आपोआप संपतं.

तिसरं, कीड. चिमणी दाणे खाते, पण तिची पिल्लं अळ्या-किड्यांवर वाढतात. वाडीत उठसूट फवारणी केली तर दारात कितीही दाणे टाका, घरट्यातलं पिल्लू उपाशीच राहतं. चार वांग्यांना कीड लागली तर हाताने वेचता येते. दयाळ, शिंपी, कोतवाल, बुलबुल हे काम फुकटात करतात. कृषी विभाग शेतात पक्षी थांबे लावायला सांगतो ते याचसाठी.

चौथं, झाड आणि घरटं. वड, पिंपळ, उंबर असेल तिथे हरियाल येतो. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पण फळांसाठीच येतो, तांदळासाठी नाही. कवेलूच्या घरात चिमणीला फटी मिळायच्या, घरकुलाच्या स्लॅबला त्या नाहीत. भिंतीवर उंचावर लाकडी खोका लावून त्याला सव्वा-दीड इंचाचं भोक ठेवलं तरी चिमणी येते.

ग्रामसभेत दहा मिनिटं

जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ गावांत ती कपाटातच असते. माकडांना खाऊ घालायचं नाही, खरकटं उघड्यावर टाकायचं नाही आणि धबधब्याच्या रस्त्यावर तसा फलक लावायचा, एवढा ठराव याच समितीमार्फत ग्रामसभेत घेता येतो. मात्र तो साऱ्या गावाने पाळला पाहिजे. नऊ घरांनी बंद केलं आणि दहावं घर पुडे फोडत राहिलं तर टोळी हलणार नाही.

पोरांच्या हातातल्या मोबाईलचाही उपयोग आहे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पाखरांची मोजणी होते. भारतही २०१३ पासून तीत आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसलेल्या पाखरांची नावं आणि संख्या ई-बर्ड या अॅपवर नोंदवायची. अशाच लाखो नोंदींवरून २०२० च्या अहवालात अभ्यासकांनी सांगितलं की चिमणी मोठ्या शहरांत कमी होते आहे, पण देशभरात ती तशी टिकून आहे. टिकली आहे ती मुख्यतः गावांतच. सालेकशातल्या शाळांनी ही मोजणी सुरू केली तर पाच-दहा वर्षांनी इथल्या पाखरांचा हिशोब इथल्याच माणसांकडे असेल.

माकड पकडणारी गाडी केव्हा येईल, याची वाट पाहत बसण्यापेक्षा येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय टाकणं जास्त सोपं आहे. त्यासाठी सरपंचाकडे एक साधा अर्ज पुरतो.