आकाशांतून पीकपाहणी

युरोपानें २०१५ सालीं सोडलेल्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या स्पष्टतम चित्रांतील एक चौकट दहा मीटर लांब व तितकीच रुंद असते. म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठाच! हीं चित्रें वाचण्यास विद्यापीठें डॉक्टर झालेल्या तरुणांस थोड्या वर्षांच्या मुदतीनें नेमितात. नेमणूक योग्यच, परंतु कपाशींत तुरीचे तास असले, तर त्या चौकटींत काय दिसावें? भर खरिपांत ढग आड येतात, तें निराळेंच. कचेरींत बसून भरलेलीं पीकपाहणीचीं पत्रकें आम्ही पुष्कळ पाहिलीं. कांहीं आमच्याच हातचीं होतीं, हें कबूल केलें पाहिजे. सबब अशा विद्वानानें निदान एक खरीप बांधावर काढावा, अशी अट नेमणुकीच्या हुकुमांतच असावी. २०२३ च्या खरिपापासून पीकविम्याचें उत्पन्न ठरवितांना या चित्रांवरील अनुमानासही वजन मिळूं लागलें आहे.