हिरवा दिवा लागला, पण...

मुलांनो, हॅम रेडिओ हे नाव ऐकलंय? परीक्षा देऊन सरकारचा परवाना काढायचा आणि निव्वळ हौसेनं बिनतारी संचावरून दूरदूरच्या माणसांशी बोलायचं. 2009 च्या नियमांनी या परीक्षेसाठी किमान वय 12 ठेवलं, तेव्हा आईबाबांनीही कान टवकारायला हरकत नाही! माझा संच अगदी लहान, 5 वॅटचा. घरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढी त्याची ताकद. त्यातलं वाया घालवून कसं चालेल?

आता एक प्रयोग करा. जाड दोराला बारीक सुतळी जोडा, सुतळीचं टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दोराला हिसडा द्या. लाट गाठीपर्यंत जाते, थोडी सुतळीत शिरते, थोडी तुमच्या हाताकडे माघारी येते. दिसली? संचातून अँटेनाच्या तारेकडे जाणाऱ्या शक्तीचंही असंच होतं. संच बनवलेला असतो 50 ओहमच्या हिशेबानं, आणि झाडावर टांगलेली तार असते आपल्या मर्जीची. दोघांचं जमलं नाही, की शक्ती परतते. ते मोजायच्या मापाला एसडब्ल्यूआर म्हणतात. ते 1 असलं तर काहीच परतत नाही. 3 असलं की चौथा हिस्सा परत, म्हणजे आपल्या पाचातले सव्वा वॅट!

म्हणून मध्ये एक डबी जोडतात, तिचं नाव अँटेना ट्यूनर. माझी डबी आपोआप चालते. आत तारेची वेटोळी आणि कपॅसिटर असतात. वाण्याची वजनं आठवा. 1, 2, 4, 8, 16, 32, 64 अशी सातच वजनं असली, तरी 1 ते 127 पर्यंतचं कुठलंही वजन करता येतं. (वहीत करून पाहा.) सात वेटोळी आणि सात कपॅसिटर असेच दुपटीदुपटीनं ठेवले, तर 128 गुणिले 128, म्हणजे 16,384 जोड्या होतात. बटण दाबलं की आतले रिले टकटकटक करत त्यातल्या जोड्या लावून बघतात. काही सेकंदांत जमणारी जोडी सापडते आणि हिरवा दिवा लागतो.

तर एकदा श्रावणात चौथीची मुलं घेऊन मी शाळेमागच्या टेकडीवर गेले. तार झाडावर टाकायची दोरी फांदीत अडकली. मी कंटाळा केला आणि दहा-बारा मीटर तार सरळ ओल्या कुंपणावर पसरली. बटण दाबलं. टकटकटक... हिरवा दिवा! "बाई, लागला!" मुलं नाचायला लागली. मी अर्धा तास हाका मारल्या. कुणाचंही उत्तर नाही. मुलांचे चेहरे उतरले, नि माझाही.

कारण घरी येताना लक्षात आलं. डबी फक्त संचाची समजूत घालते. शक्ती परत आली नाही एवढंच ती सांगते. पुढे ती आकाशात गेली की ओल्या कुंपणाला नि मातीला ऊब देत बसली, हे तिला कळत नाही. उलट अशा ओल्या जागी शक्ती मुरते, म्हणून दिवा अधिकच सहज लागतो!

आणखी एक. डबी जोड्या शोधत असते तेव्हा संच प्रक्षेपण करत असतो. म्हणून बटण दाबण्याआधी ऐकायचं, जागा मोकळी आहे का विचारायचं. 2001 साली भूजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. असा एखादा क्षीण आवाज चालू असताना आपली शिट्टी त्यावर पडली तर?

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा टेकडी चढलो. शाळेच्या शिपाईमामांनी कडुनिंबावर दोरी टाकून तार चांगली उंच ओढली. आधी ऐकलं, विचारलं, मग बटण. तिसऱ्या हाकेला बंगळूरचे एक आजोबा बोलले, "आवाज बारीक आहे, पण स्पष्ट आहे." मुलं अगदी चिडीचूप बसली होती. चौथीचा वर्ग, आणि चिडीचूप!

दोर-सुतळीचा प्रयोग जरूर करा. मग सुतळीऐवजी तेवढाच जाड दोर जोडून पाहा, आणि काय फरक दिसला ते पत्रानं कळवा.