विश्लेषण : हौसेने आणलेले पिल्लू आठव्या महिन्यात नकोसे का होते? श्वानाला नवे घर देण्याची योग्य पद्धत कोणती?

‘बदली झाल्यामुळे दीड वर्षाचा लॅब्राडॉर चांगल्या घरी देणे आहे. मोफत. लसीकरण झालेले.’ अशा आशयाचा संदेश सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला नाही, असा महिना विरळा. यातल्या काही श्वानांना खरोखर चांगले घर मिळते. काही दोन-तीन घरे फिरतात. काही मात्र एके दिवशी महामार्गालगत, मंडईत किंवा मंदिराबाहेर गळ्यात पट्टा असलेल्या अवस्थेत सापडतात. भटक्या श्वानांच्या प्रश्नावर न्यायालयापासून दूरचित्रवाणीपर्यंत भरपूर चर्चा झाली. घरातून रस्त्यावर येणाऱ्या श्वानांची चर्चा त्यात जवळपास नव्हतीच.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

दिल्ली आणि परिसरातील सर्व भटके श्वान पकडून निवारागृहांत ठेवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. त्यावर देशभर वाद झाला आणि २२ ऑगस्टला त्रिसदस्यीय खंडपीठाने तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून श्वानाला पकडलेल्या जागीच परत सोडावे. रेबीज झालेले, तसा संशय असलेले आणि आक्रमक श्वान मात्र सोडू नयेत, असे या आदेशात म्हटले आहे. बातम्यांचे मथळे इथवरच थांबले.

याच आदेशात आणखी एक मुद्दा होता. प्राणिप्रेमींना भटका श्वान दत्तक घ्यायचा असल्यास त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, श्वानाला ओळखचिन्ह लावून तो त्यांच्या स्वाधीन करावा आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील. म्हणजे रस्त्यावरचा श्वान घरी नेणाऱ्याने लेखी जबाबदारी घ्यायची. मग हजारो रुपये मोजून पिल्लू विकत घेणाऱ्याचे काय?

विकत घेणाऱ्यावर कोणते बंधन?

कायदा आहे, पण तो १९६०चा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड १० ते ५० रुपये! श्वानखाद्याचे लहान पाकीटही एवढ्यात येत नाही. प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र त्यासाठी श्वान कोणाचा होता हे आधी सिद्ध व्हावे लागते आणि घोडे तिथेच अडते. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत पाळीव श्वानासाठी महापालिकेचा परवाना लागतो, पण तो न काढताच श्वान पाळणारे अनेक आहेत. श्वानाच्या कातडीखाली बसवली जाणारी, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप मालकाची ओळख पटवू शकते. ती बसवलेले श्वान आपल्याकडे थोडेच.

श्वानपैदास आणि विक्रीचे नियम २०१७ मध्ये आले. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, हा त्यातला महत्त्वाचा नियम. प्रत्यक्षात महिन्या-सव्वा महिन्याची पिल्ले सर्रास विकली जातात. जितके लहान तितके गोड दिसते, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते.

आठ आठवड्यांचा आग्रह कशासाठी?

चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू भावंडांकडून शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो. हा धडा न घेताच आलेले पिल्लू तो घरातल्या मुलांच्या हातापायांवर गिरवते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूची एक खिडकी उघडी असते. या काळात जे दिसते, ऐकू येते, पायाखाली येते ते ‘नेहमीचे’ म्हणून नोंदले जाते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी बार हार्बर येथील प्रयोगशाळेत केलेल्या दीर्घ अभ्यासातून ही कल्पना पुढे आली. त्यांचे पुस्तक १९६५चे. तिथल्याच एका प्रयोगात १४ आठवड्यांपर्यंत माणसाशी संपर्कच न आलेली पिल्ले पुढे माणसाळली नाहीत.

आपल्याकडे नेमके याच काळात पिल्लू घरात कोंडले जाते, कारण सगळ्या लसी झाल्याशिवाय बाहेर नेऊ नका, असे सांगितलेले असते. पार्व्हो हा विषाणू पिल्लांच्या जिवावर उठणारा आहे, त्यामुळे ही भीती खोटी नाही. लसींचा शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या सुमारास किंवा त्यानंतर असतो. तोवर खिडकी बंद झालेली असते. त्यावर मार्ग आहे. अमेरिकेतील प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले, की पहिली लस आणि पहिले जंतनाशक दिल्यानंतर आठवडाभराने स्वच्छ जागी, लसीकरण झालेल्या श्वानांसोबत पिल्लाचे सामाजिकीकरण सुरू करावे. तीन वर्षांखालील श्वानांच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्ग नसून वर्तनाच्या समस्या आहेत, असेही या संघटनेने म्हटले होते. वर्तन बिघडलेला श्वान तिकडे आश्रयगृहात जातो आणि अनेकदा तिथेच त्याचा शेवट होतो.

घरगुती भाषेत सांगायचे तर पिल्लाला कडेवर घेऊन गॅलरीत, लिफ्टमध्ये, रिक्षाच्या आवाजात न्यायचे. रेनकोट घातलेला माणूस, कुबडी घेतलेले आजोबा, हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय असे सगळे लांबून दाखवायचे आणि प्रत्येक वेळी खाऊचा एक कण द्यायचा. कुकरच्या शिट्टीची सवय स्वयंपाकघरात आपोआप होते. फटाक्यांची मात्र मुद्दाम करावी लागते. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून जेवण द्यायचे आणि काही आठवड्यांत आवाज थोडाथोडा वाढवायचा. हे काम दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही.

आठव्या महिन्यात नेमके काय होते?

दुधाचे दात पडून चौथ्या ते सहाव्या महिन्यात ४२ पक्के दात येतात. चपला, सोफा, चार्जरची वायर यांचा फडशा याच काळात पडतो. हे सोसलेल्या घराला वाटते, की आता सुटलो. तेवढ्यात श्वान वयात येतो.

ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरित श्वानांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ ही आज्ञा देऊन पाहण्यात आली. आठव्या महिन्यातील श्वान पालकाचे पाचव्या महिन्यापेक्षा कमी ऐकत होते. गंमत म्हणजे अनोळखी माणसाचे मात्र ऐकत होते! घरात टीनएजर असलेल्यांना हे नवे वाटणार नाही. वर्षाचे होईपर्यंत श्वान पुन्हा ऐकू लागतात, असेही त्यात आढळले. याच वयात श्वान आश्रयगृहात सोडले जाण्याचा धोका अधिक असल्याकडे संशोधकांनी लक्ष वेधले होते.

‘फारच हट्टी निघाला’ म्हणून देऊन टाकलेल्या अनेक श्वानांना आणखी चार महिने आणि थोडे प्रशिक्षण पुरेसे झाले असते.

‘धाक’ हवा की बक्षीस?

‘त्याला कळले पाहिजे घरात मालक कोण’ ही समजूत अजून गेलेली नाही. पिल्लाला उलटे पाडून दाबून धरणे, शी-शू केल्यावर त्यात नाक घासणे, काटेरी पट्टा, सगळे तिच्यातूनच आले. स्वित्झर्लंडमधील रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून वर्चस्वाची मांडणी केली. डेव्हिड मेक या अमेरिकी अभ्यासकाच्या पुस्तकाने ती जगभर नेली. पुढे मोकळ्या रानातले लांडगे पाहिल्यावर त्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि पिल्ले असे साधे कुटुंब असते, हे खुद्द मेक यांनीच मांडले. त्यांनी मत बदलले. आपल्याकडचे अनेक प्रशिक्षक अजून जुन्याच आवृत्तीवर आहेत.

गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला श्वान गुरगुरणे सोडतो. भीती तशीच राहते. पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो आणि मग ‘अचानक चावला’ म्हणून त्याला घराबाहेर काढले जाते. त्यापेक्षा हवे ते वर्तन दिसताच दोन सेकंदांच्या आत बक्षीस देणे परिणामकारक ठरते. उशीर झाला की श्वानाला बक्षीस कशाचे ते कळत नाही.

शी-शूचे गणितही साधे आहे. पिल्लू जितक्या महिन्यांचे, साधारण तितके अधिक एक तास ते दिवसा कळ काढू शकते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचे, काम झाले की कौतुक करायचे. घरात झाले तर काही न बोलता पुसायचे.

पिल्लू दिवसाचे १८ तासांच्या आसपास झोपते, हे अनेकांना माहीत नसते. संध्याकाळी वेड्यासारखे धावणारे, चावणारे पिल्लू बहुधा दमलेले असते. त्याला आणखी पळवण्याऐवजी झोपवावे लागते. उरलेल्या वेळेतली मजा फुकट आहे. जुन्या टॉवेलच्या घडीत खाद्याचे दाणे लपवून ते हुंगून शोधू देणे, घरातल्या दोघांनी दोन खोल्यांत बसून आळीपाळीने नावाने हाक मारणे, फिरताना प्रत्येक खांब हवा तितका वेळ हुंगू देणे. दहा मिनिटे नाकाचे काम केलेले पिल्लू कसे गाढ झोपते, हे एकदा पाहण्यासारखे असते.

तरीही द्यावा लागला तर?

आजारपण, घटस्फोट, मुलाला झालेली तीव्र ॲलर्जी अशी कारणे खरी असतात. अशा वेळी श्वानाला योग्य हाती सोपवण्यात कमीपणा काहीच नाही. काही कारणे मात्र तपासून घ्यावीत. ‘सोसायटी परवानगी देत नाही’ हे त्यातले एक. पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दुसरे बदलीचे. रेल्वेत वातानुकूलित प्रथम श्रेणीचा पूर्ण कूपे किंवा केबिन घेतल्यास श्वान सोबत नेता येतो. परदेशी जाणाऱ्यांना तयारीला वेळ लागतो. युरोपीय महासंघातील देशांसाठी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे असा क्रम आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांपेक्षा लहान श्वानांना प्रवेश बंद केला आहे. नोकरीचे पत्र हाती आल्या दिवशी सुरुवात केली तर हे जमते. विमानाच्या आदल्या आठवड्यात जमत नाही आणि मग ‘मोफत देणे आहे’ हा संदेश फिरू लागतो.

‘मोफत’ या शब्दापासूनच सावध राहावे लागते. जातिवंत मादी फुकट मिळते म्हटल्यावर पहिला फोन पैदास करणाऱ्याचाही असू शकतो. म्हणून निर्बीजीकरण करून मगच श्वान द्यावा. घेणाऱ्याचे घर प्रत्यक्ष पाहावे, घरातल्या सर्वांना भेटावे. भाड्याचे घर असेल तर घरमालकाला माहीत आहे का, हे विचारावे. दोन-तीन आठवडे सांभाळून पाहण्याची मुभा असावी. जमले नाही तर श्वान इतर कोणाला न देता परत करायचा, हे कागदावर असावे.

आणि खरे सांगावे. चावलेला असेल तर कोणाला, कधी, कशामुळे, ते लपवू नये. लपवलेली माहिती नव्या घरातल्या लहान मुलाला महागात पडते आणि श्वानालाही.

नव्या घरी पहिले तीन दिवस तो नीट खाणार नाही, कोपऱ्यात बसेल. पाहुणे आणि आंघोळ तोवर नकोच. पळून जाण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांतच सर्वाधिक, म्हणून दार उघडण्याआधी पट्टा. नेहमीचे खाद्य आठवडाभर तेच ठेवून नवे हळूहळू मिसळावे. घराचे वेळापत्रक उमगायला साधारण तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने, असा प्राणिसंस्थांचा ठोकताळा आहे. लसीकरणाचे पुस्तक, निर्बीजीकरणाचा दाखला, परवाना आणि मायक्रोचिपवर नव्या पालकाचे नाव ही कागदपत्रे पहिल्या दिवशीच हाती द्यावीत. सोबत त्याचे जुने अंथरूण, न धुता.