‘अमाप संधी’ मोजायच्या कशा?

स्वदेशी कार-टी उपचाराची बातमी आली, की तिच्या शेपटाला एक वाक्य हमखास बांधलेले असते : पेशीजीवशास्त्रात तरुणांना अमाप संधी. झाशीच्या मानिक चौकातील मराठी घरातली, जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झालेली एखादी मुलगी हे वाक्य वाचून मुंबईचे तिकीट काढू शकते. म्हणून ते तपासून घेणे आवश्यक आहे.

यशाबद्दल वाद नाही. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या आणि टाटा स्मारक केंद्रात चाचणी झालेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांत नवे जनुक घालायचे, सीडी१९ हे प्रथिन धारण करणाऱ्या बी-पेशी त्यांना ओळखता येऊ लागल्या की त्यांची संख्या वाढवून त्या परत रुग्णाच्या शरीरात सोडायच्या. अमेरिकेत २०१७ साली या जातीच्या पहिल्या औषधाची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. येथे ती सुमारे एक-दशांशावर आली.

परंतु ही काही यंत्रातून धडाधड पडणारी गोळी नव्हे. प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे. निर्जंतुक कक्षात पेशी जोपासणारे, फ्लो सायटोमीटरच्या लेसरसमोर त्या मोजणारे (भौतिकशास्त्राच्या पदवीधरालाही येथे काम आहे), एकेका कुपीची गुणवत्ता पारखणारे हात लागतात. त्या हातांना देश काय देतो? नेट उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ संशोधकाला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता. हे पैसे महिनोन्‌महिने रखडतात, ही तक्रार देशभर जुनी आहे. नेट नसलेल्यांना प्रकल्प संपेपर्यंतचे कंत्राट. प्रकल्प संपला की हात रिकामे आणि कमावलेले कसबही वाया. संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च करणारा देश याला संधी म्हणतो!

‘संशोधन ही तपश्चर्या आहे’, हे उत्तर ठरलेले. ते सहसा कायम पगार घेणाऱ्याच्या तोंडी असते, हे सोडून देऊ. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांचे उदाहरणही याच सुरात दिले जाते. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकून त्या मुंबईला परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्यागाची ही कथा सांगताना एक तपशील गाळला जातो : परतल्यावर त्यांच्यासाठी तेथे वरिष्ठ संशोधन अधिकाऱ्याचे पद होते.

तेव्हा यापुढे ‘संधी’ हा शब्द छापणाऱ्यांनी सोबत तीन आकडे द्यावेत : कायम पदे किती, वेतन किती आणि ते कोणत्या तारखेला मिळते.