कळते, पण वळत नाही

समुद्र पाहावयाचा तर हैदराबादकरास शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. तरीही समुद्रात सांडलेले तेल किती तासांनी कोणत्या किनाऱ्यास लागेल, याचे गणित मांडले जाते ते त्याच शहरात. १९९९ साली स्थापन झालेले आणि आज केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अधीन असलेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, आमच्या मच्छीमार बांधवांस अपरिचित नाही. मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, लाटा किती उंच उठतील, त्सुनामीचे भय आहे किंवा नाही, हे सारे तेथूनच कळविले जाते. वारा, प्रवाह आणि भरती-ओहोटी यांची सांगड घालून तेलाच्या तवंगाचा मार्ग वर्तविण्याची सोयही याच केंद्राने केली आहे. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा-३’ हे जहाज कोचीनजवळ ६४० कंटेनर, सुमारे ३६७ टन फर्नेस तेल आणि ८४ टन डिझेल घेऊन बुडाले, तेव्हा तवंग कोणत्या दिशेने सरकेल याचा अंदाज याच केंद्राने दिला.

विद्या आहे, यंत्रे आहेत, तज्ज्ञ आहेत. मग दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी गोव्याच्या किनाऱ्यावर जे डांबराचे गोळे येऊन पडतात, ते कोणाचे, याचे ठाम उत्तर का मिळत नाही? रापणीच्या जाळ्यास ते चिकटतात, अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यास लागले म्हणजे रॉकेलावाचून निघत नाहीत. नारळी पौर्णिमेस ज्या दर्याला आपण नारळ अर्पण करतो, त्याने वाळूवर काय आणून टाकले आहे हे पाहून कोणीही खिन्न व्हावे.

याचे एक कारण असे की, तेल कोठे, केव्हा आणि किती सांडले हे कोणी सांगितले तरच हैदराबादचे गणित सुरू होते. सांगणारा खोटे बोलला अथवा गप्प राहिला, तर गणित आंधळे. २८ जानेवारी २०१७ रोजी एन्नोरजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा पर्यावरणाची काही हानी झालेली नाही, असेच प्रथम सांगण्यात आले होते. पुढे काय झाले ते बादल्यांनी काळा गाळ उपसणाऱ्या स्वयंसेवकांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली, त्यांना सांगावयास नको. डांबराच्या गोळ्यांच्या बाबतीत तर वर्दी देणारा कोणीच नसतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चालत्या टँकरला किनाऱ्यापासून पन्नास सागरी मैलांपलीकडे, विशेष संरक्षित क्षेत्रे वगळून, सागरी मैलामागे तीस लिटरपर्यंत तेल सोडण्याची मुभा आहे. रात्रीच्या काळोखात ही मर्यादा पाळली गेली की नाही, हे पाहावयास कोण जातो? संशयाची दुसरी दिशा मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे जाते. दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात.

वस्तुतः हेच गणित उलट्या दिशेनेही मांडता येते. आज येथे पडलेला गोळा दहा दिवसांपूर्वी कोठे असावा, हे प्रवाहांवरून काढता येते. आणि तेलाच्या रासायनिक ठशांवरून ते कोणत्या जातीचे, हे ओळखता येते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी गोव्यातील गोळ्यांवर असे काम केलेलेही आहे. परंतु ते शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले. फिर्याद म्हणून नव्हे. माग काढणे हे कोणत्याही सरकारी यंत्रणेचे बंधनकारक कर्तव्यच नाही, ही खरी गोम आहे.

यंत्रणांची वाण मात्र नाही. खुल्या समुद्रातील तवंगाची जबाबदारी १९८६ पासून तटरक्षक दलाची. बंदराच्या हद्दीत ती बंदराची. तेलविहिरीच्या मंचाभोवतीच्या पाचशे मीटरमध्ये तेल कंपनीची. आणि वाळूवर आलेले तेल राज्य सरकारचे! जहाजांवर नौवहन महासंचालनालयाची नजर, किनाऱ्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. येथे तर अर्धा डझन घरे आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात दोन हजार टनांहून अधिक नाफ्ता घेऊन ‘नु शी नलिनी’ हे निर्मनुष्य जहाज दोनापावलच्या खडकांवर येऊन रुतले, तेव्हा ते मुळात येथे आलेच कोणाच्या अनुमतीने, यावर किती दिवस वाद चालला हे गोमंतकीय विसरलेले नसतील.

त्याहून गंभीर बाब निराळीच आहे. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ चे, हायड्रोकार्बन महासंचालनालय १९९३ चे. दोन्ही पेट्रोलियम मंत्रालयाच्याच छत्राखाली. ज्या मंत्रालयाने तेलाचे उत्पादन वाढवावयाचे, त्यानेच उत्पादकास लगाम घालावयाचा! उत्तर समुद्रात ६ जुलै १९८८ रोजी ‘पायपर अल्फा’ मंचावर १६७ माणसे मेली, तेव्हा लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर ब्रिटनने समुद्रातील सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून घेतले. नॉर्वेने २००४ मध्ये तशीच फारकत केली. २०१० च्या मेक्सिको आखातातील स्फोटानंतर, भाडेपट्टे देणारी, स्वामित्वशुल्क गोळा करणारी आणि तपासणीही करणारी आपली एकच संस्था अमेरिकेने मोडून तिचे तीन भाग केले. आपल्याकडे २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थच्या आगीत २२ जणांचे बळी गेले. त्यानंतर २००८ मध्ये नियम आले, आणि देखरेखीचा अधिकार मिळाला तो त्याच मंत्रालयाच्या संचालनालयास. तेथील अधिकारी जाणकार आहेत, तेल कंपन्यांतच मुरलेले आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. समुद्रातील विहीर कारकुनास समजत नाही. पण जाणकारांनी अहवाल कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. भरीस भर म्हणून १६ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल व वायूचे अन्वेषण अशा वर्गात टाकले की, त्यासाठी जनसुनावणीचीही आवश्यकता उरली नाही.

गुन्हेगार ठाऊक असला म्हणजे दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या ‘एम. व्ही. राक’ प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली शंभर कोटींची भरपाई ठोठावली. पाच वर्षे लागली, तरी निकाल लागला, कारण जहाजास नाव होते. डांबराच्या गोळ्यास नाव मिळवून देणे हे हैदराबाद आणि दोनापावल यांना मिळून अशक्य नाही. म्हणून आमची मागणी अशी की, किनाऱ्यास तेल लागल्याच्या प्रत्येक प्रसंगी उलट माग काढणे ‘इन्कॉइस’ला कायद्याने बंधनकारक करावे, तो अहवाल लोकांसाठी प्रसिद्ध व्हावा, आणि ज्या खात्याकडे तो जाईल त्याने ठरावीक मुदतीत, काय कारवाई केली अथवा का केली नाही, याचे लेखी उत्तर द्यावे.

दिल्लीने कायदा करेपर्यंत गोवा सरकारने वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने राज्य मंडळास नमुने घेण्याचा अधिकार दिलेलाच आहे. आज घडते ते असे की, गोळे दिसताच सफाईच्या ठेकेदाराची माणसे येतात, पर्यटकांच्या डोळ्यांआड करण्यासाठी ते गोळा करून नेतात, आणि त्यासोबत पुरावाही जातो. ऊन आणि लाटा यांनी तेलाचे ठसे दिवसागणिक पुसट होत असतात. किनारा झाडण्यापूर्वी मंडळाच्या माणसाने पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक ठिकाणचे चार गोळे काचेच्या बाटलीत घालून, त्यावर स्थळ, दिवस आणि वेळ लिहून, त्याच संध्याकाळी दोनापावलला पोहोचते करावेत, एवढ्यासाठी फार तर एक जीप लागेल.