‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा

‘जणू, गमे, वाटे, भासे’ आले की उत्प्रेक्षा. ‘सम, समान, सारखा, परी’ आले की उपमा. माझ्या दहावीच्या वर्गाला हे तोंडपाठ आहे, स्पर्धा परीक्षांच्या गाईडांतही हेच छापतात. ओळ न वाचताच उत्तर येतं, गुण मिळतो आणि कुणाची तक्रार नसते. मराठीची शिक्षिका म्हणून माझी आहे.

अपन्हुती घ्या. उपमेयाचा निषेध करून ते उपमानच आहे असं सांगणं, ही व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. मग एक दिवस स्कूलबसवाल्याची चिठ्ठी येते : ‘ही भाडेवाढ नसून सुरक्षित प्रवासासाठीचा आपला सहभाग आहे.’ तीच मुलं ती निमूटपणे दप्तरात टाकतात. चिठ्ठीत चंद्र नाही, कमळ नाही. मग अलंकार कुठला?

स्तुतीच्या आडून निंदा करणारी व्याजस्तुती मात्र आपल्याकडे शिकवावीच लागत नाही. आमच्या आत्याबाई ज्या घरी जातील तिथे म्हणायच्या, ‘चहात दूध अगदी बेताचं हो तुमच्या, पोटाला हलकं.’

पण खरी गंमत अर्थांतरन्यासाची. एखाद्या विशिष्ट गोष्टीला सर्वसामान्य सिद्धांताचा टेकू द्यायचा. पूल का रखडला, असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘मोठ्या कामाला वेळ लागतोच.’ सिद्धांत खोटा नाही, म्हणून माना डोलतात. ठेकेदार मध्येच गेला का, पैसे कुठे अडले, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते आपल्या सार्वजनिक जीवनात इतका राबवला गेलेला दुसरा अलंकार नाही. वर्गात यावर एकच प्रश्न टाकावा : सिद्धांत कबूल, पण हा पूल त्यात बसतो का? हा प्रश्न पडला की पोराला अर्थांतरन्यास कळला. व्याख्या चुकली तरी चालेल.

शब्दाचा मूळ अर्थ सोडून दुसरा घ्यायला लावणाऱ्या लक्षणेचंही तेच. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तिच्या अटी घातल्या : मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचा संबंध हवा, आणि त्यामागे रूढी तरी हवी किंवा प्रयोजन तरी. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे जुनं उदाहरण. पाण्यावर वाडा उभा राहत नाही, म्हणून अर्थ घ्यायचा काठावर. पण ‘गंगेवर’ म्हटल्याने तिथला गारवा आणि पावित्र्यही सुचतं, ते प्रयोजन. आता ‘मंत्रालयाने ठरवलं’ हे वाक्य घ्या. इमारत काही ठरवत नाही, ठरवणारी माणसं आत बसलेली असतात. ही बोलण्याची रूढी झाली, हे मान्य. तरी कधी कधी प्रयोजनही असतं : सही कुणाची, हे झाकायचं. मम्मटाची चाळणी हाताशी असताना आपण ती कवितेबाहेर काढतच नाही.

अलंकार अभ्यासक्रमातून काढूनच टाका, असं म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच होते, उपमा, रूपक, दीपक, यमक. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ते शंभरापल्याड गेले. संख्येचा सोस मलाही नाही, दहा पुरेत. पण प्रश्नपत्रिकेत कवितेच्या ओळीशेजारी एखादी जाहिरात, सोसायटीची नोटीस, भाषणातलं एखादं वाक्यही छापावं आणि विचारावं : हे वाक्य काय पुढे करतंय, आणि काय मागे सारतंय?

यावर सहकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला : ‘मॅडम, उत्तरं पंचवीस प्रकारची येतील, तपासायची कशी?’ येऊ देत. कारण पटलं तर गुण द्यायचा. निबंधाला तसाच देतो की आपण.