हा पोरखेळ नव्हे

मंडळाच्या मागील बैठकीत आम्ही एक साधा प्रस्ताव मांडला होता. 'टिकल्ड' हा २०१६ सालचा माहितीपट एका सायंकाळी सभासदांना दाखवावा आणि त्यावर तासभर चर्चा व्हावी, एवढेच आमचे म्हणणे होते. 'हे विषय साहित्याच्या व्यासपीठाचे नव्हेत, आणि आपल्या घरांत असले काही नसते,' असे एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले. माना डोलल्या, चहा आला, प्रस्ताव बारगळला. शासकीय सेवेत हयात गेल्यामुळे प्रस्ताव कसे बारगळतात हे आम्हांस नवीन नाही. 'आपल्या घरांत असले काही नसते' हे वाक्य मात्र आम्ही निमूटपणे दप्तरी दाखल होऊ देणार नाही.

माहितीपटाचा विषय वरकरणी हास्यास्पद आहे. न्यूझीलंडचे दूरचित्रवाणी पत्रकार डेव्हिड फॅरियर यांना इंटरनेटवर गुदगुल्यांच्या 'स्पर्धां'ची चित्रणे दिसली. तरुण मुलांना पैसे देऊन बांधायचे आणि गुदगुल्या करायच्या, असा तो प्रकार. त्यांनी कुतूहलाने मुलाखत मागितली, तर उत्तरादाखल त्यांच्या खाजगी जीवनावर गलिच्छ शिवीगाळ आणि मागोमाग वकिलांच्या धमक्या आल्या. फॅरियर आणि त्यांचे सहकारी डिलन रीव्ह माग काढीत अमेरिकेत गेले, तेव्हा खरे चित्र उलगडले. जो मुलगा यातून बाहेर पडू पाहील त्याची चित्रणे जगजाहीर करायची, त्याच्या घरच्यांना आणि मालकाला पत्रे धाडायची, त्याचे जिणे हराम करायचे. माग जाऊन पोहोचला तो न्यूयॉर्कच्या एका धनिक गृहस्थापाशी. स्त्रीचे नाव धारण करून संगणकावरून असाच छळ केल्याबद्दल या गृहस्थास २००१ साली शिक्षाही झालेली होती.

हे परदेशात घडले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर आता इंदूरकडे वळू.

जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' नावाचे एक ॲप निघाले. 'सुल्ली' ही मुसलमान स्त्रियांना दिली जाणारी शिवी आहे. ऐंशीहून अधिक स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीविना उचलून त्यांचा तेथे लिलाव मांडला होता. स्त्रियांनी तक्रारी केल्या, दिल्लीत गुन्हाही नोंदला गेला, आणि पुढे सहा महिने एकालाही अटक झाली नाही. कागद झोपवण्याची कला आम्ही फार जवळून पाहिली आहे, म्हणून या सहा महिन्यांचा आम्हांस विशेष संताप येतो. १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' हे दुसरे ॲप आले, त्यात शंभरावर स्त्रिया, आणि मग कोठे यंत्रणा हलली. मुंबई पोलिसांनी बंगळूर व उत्तराखंडातून आणि दिल्ली पोलिसांनी आसामातून विशीच्या आगेमागेची मुले पकडली. 'सुल्ली डील्स' तयार केल्याच्या आरोपावरून जो पंचविशीचा तरुण पकडला गेला, तो आपल्या इंदूरचा. स्वतःस 'ट्रॅड', म्हणजे परंपरानिष्ठ, म्हणवणाऱ्या तरुणांच्या एका आंतरजालीय गटात तो होता, असे दिल्ली पोलिसांनी सांगितले. २०२२ च्या मार्चमध्ये त्यास जामीन मिळाला. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. आमचा प्रश्न निराळा आहे.

परक्या स्त्रीचा लिलाव मांडणे ही कोणती परंपरा? होळकरांबरोबर या मुलुखात आलेली आपली घराणी अहिल्यादेवींचे नाव घेतल्याविना एकही समारंभ सुरू करीत नाहीत. त्या घराण्यांनी तरी या शब्दाचा जाब विचारावयास नको काय? शिव्या मुसलमान स्त्रियांना होत्या म्हणून आपण गप्प राहिलो, हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आम्हीही त्या वेळी बोललो नाही, हे येथे नमूद करतो.

'मुलगा घरातच असतो, वाईट संगत नाही' असे आपण कौतुकाने सांगतो. पूर्वी संगत ओट्यावर दिसे. कोण कोणाशी बसतो हे साऱ्या गल्लीस ठाऊक असे. आता मुलगा खोलीत एकटा आणि संगत आसामापर्यंत पसरलेली. बाहेरून दिसतो तो दिव्याचा उजेड. आई म्हणते, अभ्यास करतोय.

दाखवले तर मुले हेच शिकतील, असाही आक्षेप निघाला. मुलांना हे सारे आधीच ठाऊक आहे, महाराज. अडाणी आहोत ते आपण.

आणि शहरालाच दोष का द्यावा? भोजराजाच्या १०२० सालच्या ताम्रपटामुळे आमच्या बेटम्याचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत आले. ते आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. याच बेटम्यात फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन तरुण मुलींवर सामूहिक अत्याचार झाला आणि करणाऱ्यांनी त्याचे मोबाईलवर चित्रण केले. चित्रण कोणी तरी पाहावे म्हणूनच केले जाते. ती गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगत नाही.

पुढील त्रैमासिक बैठकीत तोच प्रस्ताव आम्ही पुन्हा मांडणार आहोत, या वेळी लेखी. अनुमोदक म्हणून एका सभासदाची सही हवी आहे.